कोंबड्यांमधल्या इकोलायचं जीनोम सिक्वेन्सिंग पहिल्यांदाच करताय? मग शेडपासून सुरुवात करा

बॉयलरच्या शेडमध्ये तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मरतुक वाढली, पक्षी फाडला आणि हृदयावर, लिव्हरवर पांढरट-पिवळट पापुद्रा दिसला की सुपरवायझर, डॉक्टर, मेडिकलवाला सगळे एकच नाव घेतात, इकोलाय (ई. कोलाय हा जंतू). नाव बहुतेक वेळा बरोबरच असतं. पण पुढचे प्रश्न तसेच राहतात. हा इकोलाय आला कुठून? शेजारच्या शेडमध्ये आहे तो हाच का? मागच्या लॉटमध्ये होता तोच परत आलाय का? पिल्लांबरोबर हॅचरीतूनच आलाय का? आणि पाण्यातून तीन औषधं देऊनही मरतुक थांबत का नाही? अशा प्रश्नांसाठी आता जीनोम सिक्वेन्सिंग, म्हणजे जंतूचा सगळा डीएनए वाचून काढणं, हाताशी आहे आणि एमव्हीएससीची, मायक्रोबायोलॉजीची पोरं, फिल्डवरचे डॉक्टर सगळेच "सर सिक्वेन्सिंग करायचंय, सुरुवात कुठून करू" असं विचारतात, म्हणून हे सविस्तर लिहितोय. उदाहरण सगळीकडे इकोलायचंच घेतो, मधेमधे साल्मोनेला हा दुसरा जंतू येईल.

माझं एक ठाम मत आधीच सांगतो. सिक्वेन्सिंगचं काम बिघडतं ते मशीनवर फार कमी वेळा, बिघडतं ते शेडवर सॅम्पल घेताना. म्हणून पहिल्या दोन पायऱ्यांवर मी जास्त लिहिणार आहे, कॉम्प्युटरचा भाग वाचायची घाई असली तरी त्या सोडू नका.

पायरी १: प्रश्न कागदावर लिहा

"जीनोम बघूया काय निघतंय" हा प्रश्न होत नाही. प्रश्न असा पाहिजे: एकाच हॅचरीची पिल्लं घेतलेल्या चार फार्मवर मरतुक आहे, चारही ठिकाणी एकच स्ट्रेन (जंतूचा एकच वाण) आहे का? किंवा, लेयरमध्ये (अंड्यांच्या कोंबड्यांत) फाऊल टायफॉइड हा साल्मोनेलाचा रोग दिसतोय आणि लस पण दिलेली आहे, तर सापडलेला साल्मोनेला फिल्डचा आहे का लशीचा?

हा दुसरा प्रश्न काल्पनिक नाही बरं का. फाऊल टायफॉइडसाठी ९आर नावाची जिवंत लस बऱ्याच देशांत वापरतात, आणि २०१३ मध्ये बेल्जियमच्या संशोधकांनी लेयरमधून मिळालेल्या गॅलिनारम (याच रोगाचा साल्मोनेला) आयसोलेटचे, म्हणजे सॅम्पलमधून वेगळ्या काढलेल्या जंतूंचे, जीनोम तपासले तेव्हा ते लशीच्या स्ट्रेनच्या अगदी जवळचे निघाले. साध्या कल्चरवर आणि सेरोटायपिंगवर (सीरमने प्रकार ओळखणं) हे समजणं अवघड आहे.

प्रश्न लिहिला की किती सॅम्पल लागतील, कुठून लागतील, तुलनेला काय लागेल हे आपोआप ठरत जातं. हॅचरीचा प्रश्न असेल तर फक्त मेलेले पक्षी घेऊन भागणार नाही, हॅचरीतलं फ्लफ (पिल्लांची गळलेली लव), न उबलेली अंडी, पेरेंट फ्लॉकचे (पिल्लांच्या आईबापांच्या कळपाचे) स्वॅब पण लागतील. २०१४ ते २०१६ च्या सुमारास नॉर्डिक देशांत बॉयलरमध्ये इकोलायची साथ होती, तिथे वेगवेगळ्या देशांतल्या आयसोलेटचं सिक्वेन्सिंग केल्यावर एसटी-११७, ओ७८:एच४ (हे प्रकारांचे नंबर, पायरी ७ मध्ये येतील) हा एकच वंश बऱ्याच ठिकाणी दिसला आणि बोट वरच्या पिढीकडे, म्हणजे ग्रँडपेरेंट फ्लॉककडे गेलं. प्रत्येक फार्मवाल्याने आपापली शेड कितीही धुतली असती तरी मूळ वरच राहिलं असतं! एका फार्मपुरतं बघून हे कळलं नसतं.

पायरी २: सॅम्पल (इथे सावकाश)

इकोलाय प्रत्येक निरोगी कोंबडीच्या आतड्यात असतोच. म्हणजे आतड्यातून किंवा विष्ठेतून स्वॅब घेतला की इकोलाय मिळणारच, आणि तो रोग करणारा आहे का नुसता तिथे राहणारा, हे तुम्हाला सांगता येणार नाही. रोगाचा इकोलाय हवा असेल तर जिथे एरवी जंतू नसतात तिथून घ्यायचा: मांडीच्या हाडातला मगज, लिव्हर, हृदयाच्या पिशवीतला द्राव, प्लीहा, लहान पिल्लांमध्ये बेंबी सुजलेली असेल तर योक सॅक. मला स्वतःला मगज सगळ्यात भरवशाचा वाटतो कारण पोट उघडताना आतडं फुटून सगळं बरबटलं तरी हाडाच्या आत घाण जात नाही.

पक्षी ताजा पाहिजे. सकाळी मेलेला आणि दुपारपर्यंत शेडच्या कडेला उन्हात पडलेला पक्षी कामाचा नाही, कारण मेल्यावर आतड्यातले जंतू भराभर सगळ्या अवयवांत पसरतात, आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात तर विचारूच नका. शक्य असेल तर आजारी पक्षी डॉक्टरांकडून रीतसर मारून घ्या आणि लगेच फाडा. अवयवाचा पृष्ठभाग तापवलेल्या स्पॅच्युलाने डागायचा, मग आत स्वॅब खुपसायचा. एका शेडमधून निदान तीन ते पाच पक्षी घ्या, एकच घेतला तर तो नेमका वेगळाच काहीतरी असण्याची शक्यता राहते. आणि औषध सुरू करायच्या आधी घ्या. औषधाचे तीन दिवस झाल्यावर घेतलेल्या सॅम्पलमध्ये काहीच उगवत नाही किंवा जे औषधाला दाद देत नाही तेवढंच उगवतं आणि मग चित्र एकतर्फी होतं.

स्वॅब ट्रान्सपोर्ट मिडियममध्ये, एमीज किंवा कॅरी-ब्लेअर, बर्फाच्या डब्यात, ४ अंशाच्या आसपास, आणि २४ तासांत लॅबला पोचेल असं बघा. डब्यात स्वॅब आईस पॅकला चिकटून गोठू देऊ नका.

सोबत माहितीचा कागद. हा कागद नसेल तर जीनोमला काही अर्थ उरत नाही हे मी प्रत्येक नवीन विद्यार्थ्याला सांगतो. वय, जात, पिल्लं कुठल्या हॅचरीची, पेरेंट फ्लॉक माहीत असेल तर तो, रोजची मरतुक, लसीकरण (लासोटा, आयबी, गंबोरो कधी दिलं), कुठली औषधं किती दिवस, पाण्याचा स्रोत, लिटर (शेडमधलं अंथरूण) कसलं, अमोनियाचा वास येतोय का. अमोनियाचं का विचारायचं? कारण इकोलाय बऱ्याचदा मागून येतो. आधी आयबी (श्वासनळीचा विषाणूजन्य रोग), मानमोडीचा सौम्य प्रकार, मायकोप्लाझ्मा किंवा अमोनियाने श्वासनळीचं आतलं अस्तर खराब केलेलं असतं आणि मग हा आत शिरतो. जीनोम तुम्हाला जंतूबद्दल सांगेल, शेडमधल्या हवेबद्दल नाही.

एक अगदी महत्त्वाची गोष्ट. एकाएकी मोठ्या संख्येने पक्षी मरत असतील, तुरे-कल्ले निळसर पडले असतील, तोंड सुजलं असेल तर पक्षी फाडायचाच नाही. ताबडतोब पशुसंवर्धन विभागाला कळवा. बर्ड फ्लूची पक्की तपासणी भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा प्रयोगशाळेत होते, आपल्या कॉलेजच्या टेबलावर नाही. २००६ ला नवापूरला बर्ड फ्लूने काय झालं ते महाराष्ट्रातल्या पोल्ट्रीवाल्यांना सांगायला नको.

एरवी पुण्याला औंधची पशुरोग अन्वेषण विभागाची लॅब आहे, आणि माफसूची (महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची) परळ, शिरवळ, परभणी, उदगीर, नागपूर, अकोला इथली कॉलेजं आहेत, जवळच्या ठिकाणी मायक्रोबायोलॉजी किंवा पॅथॉलॉजीवाल्यांशी आधी बोलून ठेवा. सॅम्पल घेऊन दारात उभं राहून मग विचारू नका.

पायरी ३: कल्चर, आणि शुद्ध कल्चर

मॅकॉन्कीवर गुलाबी कॉलनी, ईएमबीवर हिरवट धातूसारखी चमक (ही दोन्ही जंतू वाढवायची माध्यमं), हे इकोलायचं नेहमीचं. मॅकॉन्कीवर बिनरंगी कॉलनी आली तर साल्मोनेलाच्या दिशेने विचार करा. मग एकच सुटी कॉलनी उचलून परत स्ट्रीक (नव्या प्लेटवर रेघा ओढून पसरवणं), त्यातली एक उचलून परत स्ट्रीक. दोन जंतू मिसळलेले राहिले तर सिक्वेन्सिंगचे पैसे पाण्यात, कारण दोन जीनोमचे तुकडे एकमेकांत अडकतात आणि नंतर ते सोडवता येत नाहीत, विशेषतः दोन्ही इकोलायच असतील तर.

एका पक्ष्यातून एकच कॉलनी पाठवायची का जास्त? बजेट असेल तर काही पक्ष्यांमधून दोन-तीन पाठवा. एकाच पक्ष्यात दोन वेगळे स्ट्रेन असू शकतात आणि ते कळलं नाही तर "दोन शेडमध्ये वेगळे स्ट्रेन" असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

प्रत्येक आयसोलेटचा ग्लिसरॉल स्टॉक करून उणे ८० ला ठेवा, दोन प्रती, दोन वेगळ्या बॉक्समध्ये. आणि त्याच दिवशी त्याच कॉलनीची डिस्क डिफ्युजन (कुठलं औषध चालतं ते बघायची प्लेटवरची टेस्ट) लावा, पुढे लागणार आहे. हे सगळं बायोसेफ्टी लेव्हल-२ मध्ये, ग्लोव्ह्ज घालून, कारण साल्मोनेला माणसालाही होतो आणि कोंबडीतले काही इकोलाय माणसाच्या मूत्रमार्गातल्या इकोलायचे जवळचे नातेवाईक आहेत. २००७ मध्ये एपेक ओ१ या कोंबडीतल्या स्ट्रेनचा पहिला पूर्ण जीनोम आला तेव्हा हे साम्य स्पष्ट दिसलं होतं.

पायरी ४: डीएनए

इथे थोडक्यात. रात्रभर वाढवलेलं एक मिली कल्चर, चांगलं कॉलम किट, किटच्या कागदावर लिहिलंय तसं करा. ग्राम पॉझिटिव्ह असेल (क्लॉस्ट्रिडियम, स्टॅफ, एन्टेरोकॉकस) तर आधी लायसोझाइम किंवा स्टॅफला लायसोस्टॅफिन, नाहीतर भिंत फुटत नाही. मोजमाप क्युबिट मशीनवर करा, नॅनोड्रॉप आरएनएसकट मोजतो आणि आकडा फुगवून सांगतो. नॅनोड्रॉप शुद्धतेसाठी बघा, २६०/२८० चा आकडा १.८ ते २.० च्या मधे. जेलवर एक घट्ट वरचा बँड दिसला पाहिजे, खाली धूर नको. लाँग रीड (डीएनएचे लांब तुकडे वाचणं) करायचं असेल तर व्होर्टेक्स (मशीनवर जोरात घुसळणं) अजिबात नको.

पायरी ५: कुठलं सिक्वेन्सिंग, किती डेटा

स्ट्रेनची तुलना करायची असेल, कोण कोणाचा नातेवाईक हे बघायचं असेल तर इल्युमिनाचं शॉर्ट रीड, १५० बेसचं (डीएनएच्या अक्षरांचं) पेअर्ड एंड, म्हणजे तुकडा दोन्ही टोकांनी वाचणं, पुरेसं आहे. प्लाझमिड (क्रोमोझोमबाहेरचा डीएनएचा छोटा गोल) पूर्ण बघायचं असेल, रेझिस्टन्सचं (औषधाला दाद न देण्याचं) जीन प्लाझमिडवर आहे का क्रोमोझोमवर हे पक्कं सांगायचं असेल तर नॅनोपोर लाँग रीड लागेल. दोन्ही सगळ्या आयसोलेटचं करायची गरज नाही. सगळ्यांचं इल्युमिना करा, त्यातले दोन-चार निवडून नॅनोपोर करा.

डेटाचा हिशोब सोपा आहे. इकोलायचा जीनोम साधारण ५० लाख बेसचा. प्रत्येक जागा सरासरी १०० वेळा वाचली जावी असं म्हटलं तर ५० कोटी बेस. एका रीड-जोडीत ३०० बेस, म्हणजे साधारण १७ लाख जोड्या. ५० पट कव्हरेजवरही काम भागतं, ३० च्या खाली जाऊ नका. बाहेर सर्व्हिस देणाऱ्यांना काम देताना कोटेशनमध्ये "प्रति सॅम्पल किती डेटा" हे लिहून घ्या आणि कच्च्या फास्टक्यू फाइल्स मिळाल्याच पाहिजेत असंही लिहून घ्या. नुसता रंगीत पीडीएफ रिपोर्ट घेऊन बसू नका, त्यातून पुढे काहीच करता येत नाही.

पायरी ६: फाइल आली, आता?

लिनक्स येत नसेल तर घाबरू नका, गॅलक्सी नावाचा फुकट वेब प्लॅटफॉर्म आहे, जवळपास सगळी टूल्स तिथे बटणावर चालतात. बीव्ही-बीआरसी ही साइट पण चांगली आहे. पण सहा महिने हेच काम करायचं असेल तर लिनक्सची कमांड लाइन शिकून घ्याच.

क्रम असा: फास्टक्यूसीने क्वालिटी बघायची, फास्टपीने अडॅप्टर आणि खराब टोकं कापायची, क्रॅकन-२ ने आत नेमके कोण आहेत ते बघायचं. क्रॅकनमध्ये इकोलायबरोबर थोडा शिगेला दिसेल, नवीन माणूस इथे हमखास दचकतो. शिगेला आणि इकोलाय जीनोमने इतके जवळ आहेत की थोडे रीड तिकडे जातातच. पण प्रोटियस किंवा क्लेबसिएला चांगल्या टक्क्याने दिसला तर कल्चर मिसळलेलं आहे, फ्रीजरकडे परत जा.

मग स्पेड्स किंवा शोव्हिलने असेंब्ली (रीड जोडून जीनोम उभा करणं), क्वास्टने तपासणी. इकोलाय असेल तर एकूण लांबी ४६ ते ५५ लाखाच्या आसपास, जीसी (जी आणि सी या अक्षरांचं प्रमाण) ५०-५१ टक्के. लांबी ६० लाखाच्या पुढे आणि काँटिग (जोडून झालेले तुकडे) हजारभर दिसले तर दोन स्ट्रेन मिसळलेत असं समजा. असली असेंब्ली "चालवून घेऊ" म्हणून पुढे नेऊ नका, त्यावरचं सगळं विश्लेषण फुकट जातं.

पायरी ७: हा कोण, आणि याच्याकडे काय काय आहे

एमएलएसटी काढा. सात जीनवरून एसटी, म्हणजे वंशाचा नंबर मिळतो: ९५, ११७, १३१, २३, १४० असे नंबर कोंबडीच्या इकोलायमध्ये वारंवार भेटतात. ओ आणि एच प्रकार (जंतूच्या पृष्ठभागावरच्या अँटिजेनवरून) सेरोटाइपफाइंडर किंवा ईसीटायपरने. साल्मोनेला असेल तर सिस्टर किंवा सेक्सेरो-२. गॅलिनारम आणि पुलोरम यांचं अँटिजेनचं सूत्र एकच आहे, सीरमने दोघं वेगळे करता येत नाहीत, इथे जीनोम खरोखर कामाला येतो.

मग व्हिरुलन्स, म्हणजे रोग करण्याची ताकद. कोंबडीत रोग करणाऱ्या इकोलायकडे बऱ्याचदा कोल-व्ही प्रकारचं मोठं प्लाझमिड असतं आणि २००८ पासून पाच जीनचा एक संच ओळखीसाठी वापरला जातो: आयएसएस, आयरोएन, आययूटीए, एचएलवायएफ, ओएमपीटी. यातले दोन लोह मिळवण्याच्या कामाचे आहेत, आयएसएस जंतूला रक्तातल्या सीरमपुढे टिकायला मदत करतं. पाचही असले तर संशय बळकट होतो, पण एवढ्यावर "हाच रोगाचा" असा शिक्का मारू नका. निरोगी पक्ष्याच्या विष्ठेतल्या इकोलायमध्येही हे जीन सापडतात, म्हणूनच तुलनेसाठी निरोगी पक्ष्यांचे काही आयसोलेट बरोबर घ्यायचे. आणि मगजातून शुद्ध कल्चर आलेला एखादा आयसोलेट पाचांपैकी दोनच जीनचा निघाला तरी मी मगजावर विश्वास ठेवीन.

रेझिस्टन्ससाठी एएमआरफाइंडरप्लस, रेसफाइंडर, कार्ड (CARD) ही टूल्स. इथे तीन ठिकाणी नवीन लोक अडकतात. पहिलं, एएमआरफाइंडरमध्ये जीवाचं नाव एश्चेरिशिया असं द्यावं लागतं, नाहीतर जायरए जीनमधला ८३ व्या जागेवरचा बदल, जो एन्रोफ्लॉक्सासिनच्या रेझिस्टन्सचा मुख्य भाग आहे, तो रिपोर्टमध्ये येतच नाही. दुसरं, बीएलए-ईसी आणि एमडीएफ-ए ही नावं जवळपास प्रत्येक इकोलायमध्ये दिसतात, ती मूळचीच आहेत, त्यावरून "मल्टिड्रग रेझिस्टंट" असं लिहायचं नाही. तिसरं, जीन आहे म्हणजे औषध चालणार नाहीच आणि जीन नाही म्हणजे चालेलच, असं नसतं, म्हणून ती डिस्क डिफ्युजन लावायला सांगितली होती. दोन्ही शेजारी ठेवा, जिथे जुळत नाही तिथे परत टेस्ट करा.

एमसीआर-१ हे कोलिस्टिनच्या रेझिस्टन्सचं जीन सापडलं तर दुर्लक्ष करू नका. कोलिस्टिन हे माणसाच्या आयसीयूमधलं शेवटच्या फळीतलं औषध, त्याचं प्लाझमिडवरून पसरणारं रेझिस्टन्स २०१५ मध्ये चीनमधून पहिल्यांदा जगासमोर आलं, आणि जुलै २०१९ मध्ये भारत सरकारने खाण्यासाठी पाळलेल्या जनावरांत, पोल्ट्रीत कोलिस्टिनच्या उत्पादन-विक्रीवर बंदी घातली. त्यामुळे असं आयसोलेट मिळालं की नॅनोपोर करून ते नेमकं कुठल्या प्लाझमिडवर बसलंय ते बघणं हे खर्च करण्यासारखं काम आहे. हा प्रश्न कोंबडीपुरता राहत नाही, शेडमध्ये रोज राबणाऱ्या माणसापर्यंत जातो आणि मला या सगळ्या कामात तीच गोष्ट सर्वात महत्त्वाची वाटते.

पायरी ८: तोच आहे का?

दोन रस्ते आहेत. एक कोअर जीनोम एमएलएसटी (सातऐवजी हजारो जीनवर तीच पद्धत), एंटेरोबेस या डेटाबेसवर इकोलायसाठी २५१३ आणि साल्मोनेलासाठी ३००२ जीनची स्कीम आहे, रीड अपलोड केले की तुमचा आयसोलेट जगभरच्या आयसोलेटच्या शेजारी जाऊन बसतो. दुसरा एसएनपी (एकेका अक्षराचा फरक): स्निपीने रेफरन्सवर मॅपिंग, गबिन्सने रिकॉम्बिनेशनचे (दुसऱ्या जंतूकडून आलेल्या डीएनएचे) पट्टे काढून टाकायचे, आयक्यू-ट्रीने नात्याचं झाड. रेफरन्स त्याच एसटीचा घ्या. एसटी-११७ चे आयसोलेट के-१२ (लॅबमधला जुना इकोलाय) वर मॅप केले तर अर्धी माहिती गळते. आणि वेगवेगळ्या एसटी एकाच एसएनपी झाडात कोंबू नका, आधी एसटीप्रमाणे गट करा मग प्रत्येक गटाचं वेगळं झाड.

आता आकडा वाचायचा कसा? इकोलायमध्ये वर्षाला जीनोममागे साधारण एक-दोन बदल साठतात असं धरतात. समजा शेड अ आणि शेड ब मधल्या आयसोलेटमध्ये ३ एसएनपीचा फरक आहे, दोन्हीकडे पिल्लं एकाच हॅचरीची, तारखा आठवड्याच्या आत, तर अलीकडचा एकच स्रोत असं म्हणायला जागा आहे. २०० चा फरक असेल तर एसटी एक असली तरी ही साथ एक नाही. मधले आकडे, २०-३० वगैरे, तिथे झाड एकटं काही सांगत नाही, तो माहितीचा कागद काढा, गाड्या कुठून कुठे गेल्या, ट्रे कोणाचे, खाद्य कुठलं ते बघा. आणि लक्षात घ्या, फरक शून्य आला तरी दिशा कळत नाही. अ मधून ब मध्ये गेला का दोघांनाही हॅचरीतून मिळाला हे नुसत्या एसएनपीच्या आकड्यावरून सांगू नका.

पायरी ९: डेटा जमा करा

अमेरिकेच्या एनसीबीआयच्या एसआरए या सार्वजनिक संग्रहामध्ये किंवा फरीदाबादच्या इंडियन बायोलॉजिकल डेटा सेंटरमध्ये कच्चे रीड टाका. जिल्हा, वर्ष, कोंबडीचा प्रकार, अवयव एवढं पुरे. शेतकऱ्याचं नाव, फार्मचं नाव, जीपीएस काही टाकायचं नाही. त्याने विश्वासाने शेडचं दार उघडलेलं असतं आणि उद्या त्याची पिल्लं कोणी उचलेना असं व्हायला नको. भारतातल्या पोल्ट्रीचे जीनोम, पूर्ण माहितीसकट, जितके जास्त जातील तितकं पुढच्या माणसाला आपल्या आयसोलेटचे नातेवाईक इथेच सापडतील.

पायरी १०: शेडवर परत जा

हे बरेच लोक करत नाहीत आणि मला याचा राग येतो. पेपर छापला, डिग्री मिळाली, आणि ज्याचे पक्षी मेले त्याला एक ओळ कळवलेली नसते. एक पानाचा मराठी कागद करा. त्यात एसटी, एसएनपी काही नको. "दोन्ही शेडमधला जंतू एकच आहे, हॅचरीतल्या सॅम्पलमध्येही तोच मिळाला. अमुक औषध यावर चालत नाही, देऊ नका. निपल लाइन लॉटच्या मधल्या काळात फ्लश करून क्लोरीनचं पाणी भरून ठेवा. ओलं लिटर काढा, पडदे उघडून अमोनिया जाऊ द्या. आयबीची लस कधी दिली ते डॉक्टरांना दाखवा." एवढं पुरेसं आहे. हॅचरीकडे बोट जात असेल तर तो निरोप शेतकऱ्याच्या तोंडून जाऊ देऊ नका, तुम्ही किंवा डॉक्टरांनी हॅचरीच्या व्हेटशी थेट बोला, डेटा दाखवून.

आणि पुढच्या लॉटमध्ये, मरतुक नसली तरी, पहिल्या दिवशीच्या पिल्लांचे बॉक्समधले पेपर आणि तिसऱ्या आठवड्यात पाण्याच्या लाइनचे स्वॅब घ्या. त्यात तोच एसटी परत आला तर दोन-तीन आयसोलेट सिक्वेन्सिंगला पाठवून जुन्या झाडात बसवून बघा, नाही आला तर ग्लिसरॉल स्टॉक करून लेबल नीट लिहून उणे ८० ला ठेवून द्या.